शंभरपैकी चार

इवालिनो,
७ ऑक्टोबर २००४

प्रिय वोनाय आत्या,

फोन दुकानात आहे आणि दुकानात सगळं गाव बसलेलं असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. हे पत्र वाचून झाल्यावर मला एवढंच सांग, की मी काही चूक केली आहे का. आई म्हणते केलेली नाही. पण आई हे मी काही करायच्या आधीच म्हणते.

रेडिओवरच्या माझ्या कार्यक्रमाचं तुला माहीत आहेच. दर बुधवारी दहाला 'जीव कसा आहे?' लागतो. खोली दवाखान्याच्या मागचीच आहे. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले आहेत आणि दार नीट लागत नाही, त्यामुळे मधूनमधून शेळ्या आत येतात. उन्हाळ्यात आम्ही संधिवातावर बोललो, दारूवर बोललो, पोरं बेट सोडून तैवानला जाऊन परत का येत नाहीत यावर दोन बुधवार बोललो. सगळं बरं चाललं होतं. मग पलीकडून, तुझ्या ताइतुंगच्या 'किनारा मनःस्वास्थ्य प्रतिष्ठान'चं पत्र आलं. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला कार्यक्रमात वीस प्रश्न विचारायचे आणि टेपा त्यांच्याकडे पाठवायच्या. तिथे भाषांतर होऊन शंभरपैकी गुण मिळणार. ज्याचे गुण कमी त्याची काळजी प्रतिष्ठान घेणार. वाचायला चांगलं वाटलं. काळजी घेणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

पहिल्यांदा आजोबांनाच बसवलं, कारण मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटत नाही. पुढचं शब्दशः लिहिते, म्हणजे तुला ठरवता येईल.

मी विचारलं, "आजोबा, गेल्या महिन्यात आपण निरुपयोगी आहोत असं तुम्हाला कधी वाटलं का?"

"महिन्यात? अगं, मी जन्मापासून निरुपयोगी. मी केलेली होडी तरंगते ती समुद्राला दया येते म्हणून."

"जेवण जातं का?"

"मी खातो ते वायाच. शेळीला घातलं तर ती निदान सणाला कामी येईल."

"पुढच्या दिवसांबद्दल काय वाटतं?"

"या सडक्या ओंडक्याला लाटेनं परत न्यावं. गावाची वाट मोकळी होईल."

मग उठले, तीन अळकुड्या आणि एक अख्खा मासा खाल्ला आणि नव्या होडीच्या फळीसाठी झाड बघायला कुऱ्हाड घेऊन डोंगरावर गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या मागोमाग चढताना मला धाप लागते.

आता तू म्हणशील, यात काय? मायक्रोफोन समोर म्हणजे पाहुणा समोर. पाहुण्यासमोर स्वतःला चांगलं कोण म्हणेल? पण टेपेबरोबर एक कागद होता, 'कार्यक्रमात सांगितलेलं सर्व खरं आहे.' खाली माझी सही. मी केली. करून झाल्यावर लक्षात आलं, की खरं म्हणजे काय ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

बाबा स्यामान लामलो, आई सिनान लामलो, आजोबा स्यापेन लामलो. लामलोचा बाप, लामलोची आई, लामलोचा आजा. घरात पहिली जन्मले म्हणून सगळ्यांच्या नावाला माझं नाव टांगलेलं. माझं काही चुकलं तर माझ्यासकट चौघांचं नाव जातं. म्हणून विचारते आहे.

तुझी,
लामलो


ताइतुंग,
२५ ऑक्टोबर

लामलो बाळा,

काही चूक केलेली नाहीस. टेपा पाठवत राहा. प्रतिष्ठानातली माणसं चांगली आहेत. तिथले लियाव साहेब मोठे सज्जन, माझ्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं.

मी अगदी मजेत. नोकरी उत्तम, खोली ऐसपैस, खिडकीतून समुद्र दिसतो. शेजारी जीव टाकतात. गेल्या आठवड्यात इतकं जेवण झालं की उरलेलं वाटून टाकलं. तब्येतीला तर काही धाड भरलेली नाही.

बाबा खरंच डोंगरावर जातात का अजून? या वयात? कुणी बरोबर असतं का? इथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत, नळाला गरम पाणी आहे. मी सहज म्हणते आहे.

तुझी आत्या


इवालिनो,
२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

निकाल आला.

आजोबांना शंभरपैकी चार.

गावाची सरासरी अकरा आहे. बाजूच्या घरातले स्यामान गोमोत यांना नऊ, कारण ते म्हणाले होते, "माझी बायको माझ्याशी लग्न करून फसली." बायकोला सात, कारण ती म्हणाली, "तोच फसला." दोघं चाळीस वर्षं एका ताटात जेवतात. आत्या, आता जे लिहिते ते खोटं नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी एक शेळी आत येऊन बराच वेळ बोलली, ती टेपेत आली, आणि तिचाही कागद आला आहे. 'उत्तरे अस्पष्ट, परंतु आवाजात उमेद.' चौदा गुण.

गावात आजोबांइतकं नम्र बोलणारा माणूस नाही. होडी उतरवताना त्यांनी स्वतःला नावं ठेवली की परगावचे लोक ऐकायला थांबतात. म्हणजे गावातला सगळ्यात सभ्य माणूस तो सगळ्यात आजारी ठरला. आणि सहीनिशी ते मी कळवलं.

दुसरा कागद मी तीनदा वाचला. दहाच्या खाली गुण असलेल्या, सत्तरीपुढच्या माणसाला जानेवारीच्या शेवटी ताइतुंगला नेणार. 'शांतिनिवास' नावाच्या घरात, किमान सहा महिने. जोखीम गंभीर, असं लाल शिक्क्यात लिहिलं आहे. बाबांनी पोच म्हणून सही केली आणि मग कळलं की ती पोच नव्हती, संमती होती.

सहा महिने, आत्या! २६ फेब्रुवारीला उडत्या माशांना बोलावायचं आहे. त्या दिवशी जो पुरुष किनाऱ्यावर नसेल त्याला त्या वर्षी गटाच्या मोठ्या होडीत जागा नाही. आजोबांची जागा सुकाणूची आहे. गेल्या साठ वर्षांत ती रिकामी राहिलेली नाही. ते तिथे बसले नाहीत तर काय होईल ते मला लिहायचंही नाही, कारण मग खरोखरच त्यांना चार गुण मिळतील.

त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चार? एवढे कशाला दिले? मी काय केलं?"

मी लियाव साहेबांना सहा पानी पत्र पाठवलं आहे. तुझ्या ओळखीतल्या माणसाला सांगशील का, की एक शब्द टाकावा?

लामलो


ताइतुंग,
३ डिसेंबर

लामलो बाळा,

तुझं पत्र वाचून हसू आलं, शेळीसाठी. बाकी काळजी करू नकोस.

शांतिनिवास मी बघितलं आहे. स्वच्छ आहे. प्रत्येकाला पलंग, भिंतीला टीव्ही, दुपारी फळं. माझ्या खोलीपासून पायी बारा मिनिटं. मी रोज संध्याकाळी जाईन, त्यांना रताळी उकडून नेईन. सहा महिने म्हणजे काय? वीस वर्षांत मी त्यांना चार वेळा पाहिलं. सहा महिने काही फार नाहीत.

सुकाणूवर दादा बसेल. कधीतरी बसायचंच आहे.

त्या ओळखीतल्या माणसाचं विशेष चालत नाही तिथे.

माझं सगळं छान.

आत्या


इवालिनो,
१६ डिसेंबर

प्रिय आत्या,

बाबा सुकाणूवर बसणार नाहीत. बोटीत त्यांना उलट्या होतात, तू विसरलीस का?

लियाव साहेबांचं उत्तर आलं. माझ्या सहा पानांना दोन ओळी. 'कुटुंबीयांनी आजार नाकारणे हे जोखमीचेच लक्षण आहे. आपलीही तपासणी करण्याची आमची तयारी आहे.' मात्र खाली त्यांनी सुचवलं होतं, की आजोबांनी पुन्हा प्रश्नांना उत्तरं दिली आणि तीसच्या वर गुण गेले तर नेण्याचा फेरविचार होईल.

तीस! मी आजोबांना समोर बसवलं. म्हटलं, "काही नाही, फक्त एवढंच म्हणायचं, मी बरा आहे."

"कुणाला म्हणायचं?"

"रेडिओवर."

"म्हणजे सगळ्यांना. आनितोंनासुद्धा." मेलेल्यांचे भटके जीव ऐकतील या विचारानं त्यांनी दाराकडे पाहिलं. "होडी अर्धी झालेली, आणि मी ओरडून सांगू की माझं उत्तम चाललंय? तुला होडी फुटायला हवी आहे का?"

"हळू म्हणा."

"हळू म्हटलेलं त्यांना जास्त ऐकू येतं."

मग माझ्या डोक्यात आलं, की स्वतःची स्तुती स्वतः करत नाहीत, ती दुसऱ्यानं करायची असते. होडी उतरवताना घरधनी म्हणतो माझी होडी म्हणजे भोपळ्याचं साल, आणि पाहुणे म्हणतात हिच्या पुढे देवमासा लाजेल. तर बुधवारी मी गावालाच बोलावलं. आजोबा मधे बसले, बाकीचे दारापर्यंत. शेळ्यांसाठी दाराला दोरी बांधली.

स्यामान गोमोत म्हणाले, "या माणसाच्या हाताला धार आहे. त्यानं तासलेल्या फळीवरून मुंगी घसरते."

आजोबा म्हणाले, "मुंगी पंगू असेल. माझी फळी बघून झाडाला आपण वाढलो याचं वाईट वाटतं."

"वादळात यानं नऊ जणांना परत आणलं."

"मी नसतो तर ते गेलेच नसते. मीच चुकीच्या दिवशी नेलं."

"याची नात रेडिओवर बोलते!"

"माझ्यामुळेच ती बिचारी एवढी घाबरट निघाली."

सगळे हसले. मी नाही. जेवढी स्तुती चढत गेली तेवढे आजोबा खाली खाली. शेवटी स्यामान गोमोत घाम पुसत म्हणाले, "स्यापेन लामलो, जरा थांबा की! लोक तुम्हाला वाचवायला आलेत."

आजोबा म्हणाले, "मला वाचवण्यात आपला दिवस घालवलात, यातच माझी लायकी दिसते."

खरं सांगते, मी लहान असल्यापासून त्यांचं एवढं सुंदर बोलणं ऐकलं नव्हतं. लोक आठवडाभर तेच म्हणून दाखवत होते. काल नवे गुण आले. दोन.

तू तिथे आहेस. तुला त्यांची भाषा येते, आपली येते. लियाव साहेबांना जाऊन समजावून सांगणारं दुसरं कुणीही नाही. मी याआधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. जाशील का?

लामलो


इवालिनो,
३ जानेवारी २००५

आत्या,

आजोबांची फाइल आली, विमानाच्या तिकिटासकट. २८ जानेवारी.

मी प्रत्येक कागद वाचते, तुला माहीत आहे. शेवटच्या पानावर टेपांचं भाषांतर होतं. आजोबांचा शब्द न शब्द होता, 'सडका ओंडका' सुद्धा. खाली ओळ होती. 'भाषांतर अचूक आहे. भाषांतरकार, सी वोनाय.'

पहिल्या टेपेपासून तूच.

मी कुणाला सांगितलेलं नाही. पण घरात वावरताना माझ्या चेहऱ्यावरून कळत असेल असं वाटतं, म्हणून जास्त वेळ रताळ्यांच्या वाफ्यात काढते आहे.

मी सही केली ती न कळून. तू?

लामलो


ताइतुंग,
१५ जानेवारी

लामलो,

पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. हे फाडणार नाही.

मी प्रतिष्ठानात आठवड्यातून तीन दिवस भाषांतराचं काम करते. उरलेले दिवस एका शाळेच्या स्वयंपाकघरात. पहिली टेप लावली आणि बाबांचा आवाज आला. फोनवर ते कधी बोलत नाहीत, रिसीव्हर दादाकडे देतात. टेपेवर मात्र सव्वा तास. मी ती अकरा वेळा ऐकली. कामासाठी एकदा ऐकणं पुरेसं होतं.

शब्दाला शब्द लावला. खोटं एकही लिहिलं नाही. असं लिहिलं की कुणी मला जाब विचारू शकत नाही. खाली समासात फक्त एवढं लिहायचं होतं, की आमच्याकडे पाहुण्यासमोर असंच बोलतात. एक ओळ. पेन हातात होतं. मग लियाव साहेब मागून वाचत होते ते म्हणाले, "बापरे, या म्हाताऱ्याला इथे आणायला हवं." आणि मी ती ओळ लिहिली नाही.

दुसऱ्या टेपेलाही लिहिली नाही. बाबांनी स्यामान गोमोत यांना घाम फोडला ते ऐकून मी कानाला हेडफोन लावून एकटी हसत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हा रुग्ण फारच गंभीर आहे.

मी लिहिलं होतं खोली ऐसपैस आहे. ऐसपैस नाही. समुद्र दिसत नाही, बस दुरुस्त करण्याची शेड दिसते. शेजाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत. इथे असंच सांगायची पद्धत आहे, कुणी विचारलं तर उत्तम म्हणायचं. मी वीस वर्षं उत्तम म्हणते आहे आणि आता ते तुम्हालाही लिहायला लागले.

तू जन्मलीस त्या वर्षी मी निघाले. बाबांना आधी दादाच्या नावानं ओळखत, मग तुझ्या. दादा थोरला म्हणून ते ठीकच आहे, माझी तक्रार नाही. पण माझ्या नावानं कुणाला हाक मारली गेलेली नाही. चाळिशी उलटली तरी मी 'सी' आहे, कुणाची आई नाही. मला वाटलं, सहा महिने ते बारा मिनिटांवर राहिले तर काय बिघडेल? सुकाणूचं आठवलं होतं. आठवूनही केलं.

लियाव साहेबांकडे आता गेले तर ते विचारतील, आधी का नाही बोललात? नोकरी जाईल. तरी तू सांग, मी जाते. हवं तर हे पत्र बाबांना वाचून दाखव. तुझं काही चुकलेलं नाही. हे मी पहिल्या पत्रातही लिहिलं होतं, तेवढं एक खरं होतं.

वोनाय


इवालिनो,
२४ जानेवारी

प्रिय आत्या,

वाचून दाखवलं. आधी दोन दिवस विचार केला, की दाखवावं का, आणि मग याचा विचार केला, की न दाखवणं म्हणजे तीच समासातली ओळ न लिहिणं होईल.

आजोबा फळी घासत होते. घासणं थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "बसची शेड म्हणजे काय?"

सांगितलं.

"आवाज येत असेल."

"येत असेल."

पुन्हा घासायला लागले. मग म्हणाले, "आधी लिहायची, सगळं उत्तम. तेव्हाच मी तुझ्या बापाला म्हटलं होतं, पोरीला कुणीतरी छळतंय. कुठला माणूस स्वतःबद्दल असं बोलतो? त्यानं ऐकलं नाही." आणि जरा वेळानं, "बोलवायचं होतं तर बोलवायचं. एवढे कागद कशाला भरायचे?"

आई रडली. बाबा दुकानात तुला फोन करायला निघाले होते, आजोबांनी थांबवलं. म्हणाले, "तिला साहेबाकडे जायला सांगू नका. तिकीट आलंय तर मी जातो. लेकीकडे जायला मला रोग लागतो का?"

मी म्हटलं, "आजोबा, ते तुम्हाला सहा महिने ठेवून घेतील."

"ठेवून घेणाऱ्याच्या घरी मी बघतो काय करायचं ते."

याचा अर्थ मला कळलेला नाही. पण त्यांना काय बोलायचं ते मी पढवलेलं नाही. आता कुणालाही काही पढवायची मला हिंमत नाही.

पिशवीत अळकुड्या, गेल्या मोसमातले सुकवलेले उडते मासे आणि विळा आहे. विळा विमानात काढून घेतील, तो मी बाहेर काढते आणि ते परत घालतात.

मी तुझ्यावर रागावले होते. अजून थोडी आहे. बुधवारी कार्यक्रमात काय विचारायचं ते मला सुचत नाही. २६ फेब्रुवारी विसरू नकोस. बाकीचं तू ठरव. तिथे त्यांचं बोलणं पलीकडे नेणारी तूच आहेस.

लामलो


ताइतुंग,
१६ फेब्रुवारी

लामलो बाळा,

तपासणी झाली. बाबांना अठ्ठ्याण्णव गुण मिळाले.

मी दुभाषी म्हणून बाजूलाच होते. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. बाबा लियाव साहेबांच्या खोलीत शिरले, चौफेर पाहिलं, आणि मला कळलं. अगं, ते पाहुणे होते! घर दुसऱ्याचं होतं.

साहेबांनी विचारलं, "कसं वाटतं?"

बाबा म्हणाले, "काय खोली! असं छप्पर मी जन्मात पाहिलं नाही. या खुर्चीवर बसलो आणि गुडघे वीस वर्षांनी लहान झाले."

"झोप?"

"तुमच्या गावची हवा अशी, की दगडालाही झोप लागेल."

"जेवण?"

"इथलं पाणी प्यालो तेच जेवण झालं."

"पुढच्या दिवसांबद्दल काय वाटतं?"

"असा डॉक्टर ज्यांना आहे त्यांचे दिवस मोजायला बोटं पुरायची नाहीत."

मी शब्दाला शब्द लावला. एकही बदलला नाही. दोन गुण कापले ते भिंतीवरच्या कृत्रिम फुलांचा वास छान आहे म्हणाले म्हणून. साहेबांचे डोळे भरून आले. समुद्र ओलांडल्यावर चार तासांत बरा झालेला हा त्यांचा पहिलाच रुग्ण. इवालिनोतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पाळीपाळीनं समुद्र ओलांडायला लावावं, असा प्रस्ताव त्यांनी त्याच दुपारी लिहायला घेतला. शेळीचं नावही यादीत होतं, ते मी काढायला लावलं.

शांतिनिवास टळलं. पण नियम असा, की अशा माणसाला नातेवाइकाच्या घरी तीन आठवडे ठेवून शेवटी साहेबांनी घरी येऊन बघायचं. तेव्हा खात्री पटली तर गावी सोडायचं, नाहीतर सहा महिने शांतिनिवास.

तर बाबा माझ्या खोलीत आले. दारातूनच म्हणाले, "केवढी ही खोली! जे हवं ते उठल्याशिवाय हाताशी!" माझ्या करपलेल्या माशाला म्हणाले, असा मासा देवांच्या ताटात असतो. बसच्या शेडचा आवाज ऐकून म्हणाले, इथे सोबत आहे. पहिला आठवडा मला फार बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की हेच त्यांनी लियाव साहेबांच्या खोलीला म्हटलं होतं. रोज संध्याकाळी शेजारी बसायचे, स्तुती करायचे, आणि मी वीस वर्षांत कधी एवढी एकटी नव्हते. एकदा न राहवून म्हटलं, "बाबा, खरं सांगा, मासा करपलाय ना?" ते म्हणाले, "तुझ्या हाताला करपण्याची सुद्धा चव आहे."

आज सकाळी लियाव साहेब आले. मी चहा ठेवायला वळले तेवढ्यात बाबा माझ्या आधी उठले. दारात गेले. माझं एकुलतं एक स्टूल पायानं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "या, या. कुठे येऊन पडलात! आमचं हे घर म्हणजे खेकड्याचं बीळ. बसायला धड जागा नाही. ही आमची पोर, हिला मासा भाजता येत नाही, मलाच शिकवता आलं नाही. आम्ही असे टाकाऊ लोक, तुमचा पाय आमच्याकडे लागला हेच जास्त."

साहेबांनी फाइल उघडली. चेहरा पडला होता. त्यांना आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय असं कळलं असावं. म्हणाले, "काय म्हणतात?"

मी चहाचं पातेलं हातात घेऊन उभी होते. शब्दाला शब्द लावला असता तर बाबा ऑगस्टपर्यंत माझ्यापासून बारा मिनिटांवर. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "ते म्हणतात, हे त्यांचं घर आहे. मुलगी त्यांची आहे, तिचं बरं चाललंय. तुम्ही आलात, आनंद झाला. आणि त्यांना शुक्रवारच्या विमानात जागा हवी आहे, गावी मासे यायचे आहेत."

साहेब म्हणाले, "एवढं सगळं?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे पाहुण्यासमोर असंच बोलतात. मी हे ऑक्टोबरात लिहायला हवं होतं." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टेपा, गुण, समास, सगळं. त्यांनी चहा पूर्ण संपवला. मग कागदावर सही केली. माझ्या नोकरीचं सोमवारी बघू म्हणाले. जाताना बाबांकडे वळून, शब्द माझ्याकडून विचारून घेऊन, आपल्या गावच्या भाषेत म्हणाले की हे घर फार सुंदर आहे. बाबांनी त्यांना खोडून काढलं.

शुक्रवारी सकाळी दहाचं विमान आहे. वारा पडला नाही तर शनिवारी, तरी आठवडा हाताशी आहे. हे पत्र बाबांच्याच पिशवीत घालते आहे, विळ्याच्या खाली.

साहेब गेल्यापासून ते माझ्या भांड्यांना नावं ठेवत बसलेत. तवा वाकडा आहे, झाकण कुणी आंधळ्यानं केलंय, आमच्या घरात एक सुरी धड नाही. तास होऊन गेला. मी शेजारणीकडून आणखी एक पातेलं मागून आणलं आणि समोर ठेवलं. तेही टाकाऊ निघालं.

वोनाय